गारफिल्ड यांनी काहीच केलं नाही?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्याबद्दल एक मजकूर सारखा फिरतो: ‘जेमतेम दोनशे दिवसांचे राष्ट्राध्यक्ष. त्यातले बरेच अंथरुणात गेले. काम शून्य. त्यांच्या मृत्यूमुळे सरकारी नोकरभरती गुणवत्तेवर करण्याचा कायदा झाला, एवढीच त्यांची कमाई.’ या माणसावर हा अन्याय आहे.

दिवसांचा हिशेब बरोबर आहे. ४ मार्च १८८१ला शपथ, २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर सरकारी पद न मिळाल्याने चिडलेल्या चार्ल्स गिटोने गोळ्या झाडल्या, १९ सप्टेंबरला मृत्यू. म्हणजे कामाला मिळाले चारच महिने.

पण ‘काम शून्य’? न्यूयॉर्क बंदराचं जकात कार्यालय म्हणजे केंद्राच्या महसुलाची सगळ्यात मोठी खाण आणि सिनेटर रॉस्को काँक्लिंग यांच्या गटाचं कुरण. आपल्या राज्यातल्या नेमणुका आपल्याला विचारूनच व्हाव्यात, हा सिनेटरांचा जुना हट्ट. गारफिल्ड यांनी तिथे काँक्लिंगविरोधी विल्यम रॉबर्टसन यांचं नाव दिलं. सिनेटमध्ये काँक्लिंग गटाची माणसं आधी मंजूर करून रॉबर्टसन यांना लटकत ठेवायचं, असा डाव दिसताच त्यांनी न्यूयॉर्कची बाकीची नावं मागे घेतली. आता मतदान टाळायला जागाच उरली नाही. मे महिन्यात काँक्लिंग आणि थॉमस प्लॅट या दोन्ही सिनेटरांनी राजीनामे दिले आणि लगेच रॉबर्टसन मंजूर झाले. रॉबर्टसनही गारफिल्ड यांच्याच पक्षाचे, त्यामुळे ही काही गुणवत्तेची भरती नव्हती, हे मान्य. पण नेमणुकीचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अध्यक्षांच्या बाजूने सुटला.

पैशाचं काम तर कोणी सांगतच नाही. ६ टक्क्यांचे सरकारी रोखे मुदतीला आले होते आणि नव्या कर्जाचा कायदा आधीचे अध्यक्ष हेज यांनी नकाराधिकाराने रोखला होता. अर्थमंत्री विल्यम विंडम यांनी काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, खास अधिवेशन न बोलावता रोखेधारकांना पर्याय दिला: पैसे घ्या, नाहीतर साडेतीन टक्क्यांवर रोखे चालू ठेवा. बहुतेकांनी चालू ठेवले. व्याजात वर्षाला सुमारे १ कोटी डॉलर वाचले!

टपाल वाहतुकीच्या ठेक्यांमधल्या लुटीची चौकशीही गारफिल्ड यांनी चालू ठेवली, तीही स्वतःच्या प्रचारात राबलेल्या स्टीफन डॉर्सी यांच्यापर्यंत धागा जात असताना. पुढे ज्यूरीने आरोपींना सोडलं, तो दोष त्यांचा नाही. गुलामगिरीत जन्मलेल्या ब्लँच ब्रूस यांना त्यांनी ट्रेझरीचे रजिस्ट्रार नेमलं आणि अमेरिकी नोटांवर पहिल्यांदाच एका कृष्णवर्णीयाची सही आली.

राहिला नोकरभरतीचा तो १८८३चा कायदा. त्यावर सही चेस्टर आर्थर यांची, श्रेयही त्यांना द्यावं. फक्त १८८१च्या उन्हाळ्यात हेच आर्थर कुठे होते, तेही पाहावं. उपाध्यक्ष असूनही ते काँक्लिंग यांना सिनेटवर परत निवडून आणण्यासाठी न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत, खटपट करत होते. गारफिल्ड जखमी पडलेले असतानाच, जुलैमध्ये, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने काँक्लिंग यांच्या जागी दुसरा माणूस निवडला.