"लोकांना माहितीच नाही" हे म्हणणं आधी बंद करा

मागच्या आठवड्यात एका मीटिंगला बसले होते. आमच्या वस्तीतल्या कामाच्या पुढच्या वर्षीच्या बजेटची. बॅनरला पैसे मंजूर, पत्रकांना मंजूर, पथनाट्याला मंजूर, मेळाव्याचा मांडव न माईक मंजूर, आणि मी लिहिलेली एकच ओळ खोडली गेली. "लाभार्थ्यासोबत कार्यालयात जाणे: ऑटो व चहा." म्हणे यातून रीच, म्हणजे किती लोकांपर्यंत पोचलो ते, दिसत नाही, एका माणसामागे अर्धा दिवस गेला तर आकडा कसा होणार. तिथं मला बोलता आलं नाही, घशात काहीतरी अडकलं होतं. दोन दिवस डोक्यातून जाऊन नाही राहिलं म्हणून इथं लिहिते. मोठं होईल, पण वाचा.

अकरा वर्षं झाली मला नागपुरातल्या वस्त्यांमध्ये फिरताना. कागदावर माझं पद कम्युनिटी आउटरीच वर्कर, वस्तीत फक्त ताई. काम काय तर घरोघरी जायचं, कोणाची निराधार योजनेची फाइल अडली, कोणाचं पोरगं शाळेतून गळलं, कोणाचा खोकला जात नाही, ते पाहायचं आणि त्या माणसाला योग्य जागी पोचवायचं. आमच्या सगळ्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर एकच वाक्य असते, "वस्तीतील नागरिकांमध्ये योजनांबाबत जागृतीचा अभाव आहे". मीच ते वाक्य किती प्रस्तावांमध्ये टाइप केलं असेल. आज मला ते खोटं वाटते. लोकांना माहिती असते हो. त्यांच्याकडे नसते ती मजुरी न बुडवता मिळणारी एक सकाळ, आणि खिडकीपाशी बाजूला उभं राहणारं एक माणूस.

एक आजी आहेत. नाव सांगत नाही. उभा जन्म बिड्या वळण्यात गेला. निराधारचे पैसे यायचे, वस्तीत त्याला सगळे पगार म्हणतात. तो पगार सात महिने आला नाही. आजींना योजनेचं नाव माहीत, महिन्याला १,५०० मिळतात हे माहीत, वर्षातून हयातीचा दाखला द्यावा लागते तेही माहीत आणि तो दिलेला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीने योजना समजावून सांगायला लागले तर त्यांनी हात धरला माझा. म्हणे, "माय, मले मालूम हाय व सगळं. पण तिथी गेलं का खिडकीवाला माह्यासंग बोलतच नाई. नंतर या म्हणते. नंतर मंजे कवा, ते सांगत नाई."

तीनदा एकट्या जाऊन आल्या होत्या. कार्यालयात सांगितलं की इथून पैसे गेले, बँकेत विचारा. बँकेत पासबुक छापून दिलं की वरूनच आले नाही. दोघांचंही खरं होतं, आणि आजींचे पैसे मात्र मधेच कुठंतरी. मी सोबत गेले तो मे महिना होता, नागपूरचा मे काय असते ते सांगायला नको, साडेदहालाच डोकं तापलेलं. सेवा केंद्रात त्यांचं आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते काढलं तर भलत्याच बँकेचं नाव! आता हे पैसे थेट खात्यात येतात आणि आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं त्याच खात्यात ते पडतात, तुम्ही फॉर्मवर कोणतंही पासबुक लावा. आजी बराच वेळ आठवत बसल्या. मग म्हणाल्या, दोन दिवाळ्यांआधी रस्त्यावर छत्री लावून बसलेल्या एका पोट्ट्याकडून सिम घेतलं होतं, त्याने दोनतीनदा अंगठा घेतला होता. तिथंच एक खातं उघडलं गेलं असणार. त्याची ना चिठ्ठी ना पासबुक.

मग त्या बँकेचा, अंगठा घेऊन पैसे काढून देणारा एजंट शोधला, एका किराणा दुकानात. सात महिन्यांचे १०,५०० तिथं पडून होते. आणि अंगठा लागेना. एकदा, दोनदा, चारदा. मशीन नाही म्हणते. तेंदूपत्ता हाताळून हाताळून बोटांच्या रेघाच गेल्या आहेत, हात असा गुळगुळीत की आपलं बोट फिरवलं तर कळते. आजी बोट ओलं करायच्या, पदराला पुसायच्या, पुन्हा ठेवायच्या, मागे लाइनमध्ये लोक कुजबुजून राहिले आणि आजींची मान खाली खाली जात होती, जशी काही चोरीच करत आहेत. मी दुकानदाराला म्हटलं भाऊ, दुसरी बोटं लावून पाहू. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. आजींनी ते बोट दुसऱ्या हातात धरून ठेवलं, घरी येईपर्यंत सोडलं नाही.

या सगळ्यात माझे चार अर्धे दिवस गेले. रिपोर्टमध्ये त्याची नोंद काय, तर "फॉलोअप: १". आणि ज्या दिवशी मी चौकात तीनशे पत्रकं वाटली त्या दिवसाची नोंद "पोहोच: ३००".

आता दुसरी गोष्ट, ही सांगताना मला त्रास होतो. कळमन्याच्या मार्केटमध्ये हमाली करणारे एक भाऊ. त्यांच्या वस्तीत आम्ही टीबीचं शिबिर घेतलं, मीच पत्रक दिलं त्यांच्या हातात, मीच यादीत त्यांच्या नावापुढे टिक केली. पुढे तपासणीत टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. नंतर एकदा त्यांच्या मोठ्या पोरीच्या शाळेच्या कामासाठी घरी गेले तर बायको म्हणे गोळ्या तर कधीच्याच बंद केल्या त्यांनी. का? ते बोलायलाच तयार नाहीत. दुसऱ्यांदा गेले, तेच. तिसऱ्यांदा मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले आणि रस्त्याकडे पाहत म्हणाले, "ताई, लघवी लाल होऊन राहिली होती. मले वाटलं आत काईतरी फुटलं."

टीबीच्या गोळ्यांमधल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी लालसर-केशरी होते. ते रक्त नसते, गोळीचा रंग असते. एवढंच. पत्रकावर "गोळ्या नियमित घ्या" ठळक अक्षरात होतं, हे नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. पत्रक तर त्यांनी जपून ठेवलं होतं, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घडी करून! अडीच महिने हा माणूस आतून काही फुटलं आहे असं समजून पोती उचलत होता, घरी कोणाला सांगितलं नाही कारण सांगून मजुरी बंद होईल. मी सोबत जाऊन गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पण तोवर धाकट्या पोरीला खोकला लागला होता आणि तिचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. दोघंही बरे झाले आता, कोर्स पूर्ण केला. ती पोरगी दिसली की मला ती टिक आठवते.

टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, चांगलं झालं, मनापासून म्हणते. पण लाजेने न विचारलेला प्रश्न कोणत्याच खात्यात जमा होत नाही, त्यासाठी तिसऱ्यांदा घरी जावं लागते.

आणि जागृतीचं म्हणाल तर हे शहर विसरते कसं? याच नागपुरात २० जुलै १९४२ ला दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क मागितला, गिरणीतल्या बायांना पगारी रजा मागितली, तेही स्वातंत्र्याच्या पाच वर्षं आधी. जाईबाई चौधरी तर स्वतः हमाली केलेल्या बाई, त्यांनी इथं मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. त्या बायांच्या नाती-पणतींना आपण मांडव टाकून सांगतो की ताई, तुमच्यात जागृतीचा अभाव आहे.

अडचण नियमात असते पुष्कळदा. निराधारसाठी वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. म्हणजे महिन्याला १,७५०. दोन घरची भांडी घासणारी विधवा बाई त्याच्या वर जाते. आता तिला मी काय जागृत करू? जातीच्या दाखल्याचं तसंच, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधी कुटुंब याच राज्यात राहत होतं याचा पुरावा लागते. गिरणीच्या कामासाठी बिलासपूर-रायपूरकडून आलेली किती कुटुंबं आहेत इथं, तेव्हा नागपूर आणि तो भाग एकाच राज्यात होता, राजधानी नागपूरच होती, १९५६ ला वेगळं झालं. आजोबा गेले एकाच राज्याच्या एका गावातून दुसऱ्या गावात, आणि आज नातवाचा पुरावा पडला परराज्यात. बारावी झालेली पोरगी मला नियम तोंडपाठ सांगते. तिला तिकडच्या शाळेतलं दाखलखारीज (शाळेच्या रजिस्टरचा उतारा) काढून आणायला दोन दिवस, रेल्वेचं तिकीट आणि सोबत कोणीतरी पाहिजे.

मीटिंगमध्ये एका सरांनी म्हटलं, सोबत गेल्याने लोक अवलंबून राहतात. मी त्यांचा मान ठेवते, पण हे मला पटत नाही. आपण तरी कुठं एकटे जातो? रजिस्ट्रीला वकील असते, लायसन्सला एजंट, टॅक्सला सीए, दवाखान्यात ओळखीचा डॉक्टर आधी शोधतो. त्याला कोणी अवलंबून राहणं म्हणत नाही. आणि त्या बिडीवाल्या आजी, त्या पुढच्याच महिन्यात शेजारणीला घेऊन स्वतः एजंटकडे गेल्या, मधलं बोट लाव म्हणून तिला सांगितलं. मला हे नंतर चौकात भेटल्यावर कळलं.

पत्रक वाटूच नका असं मी म्हणत नाही. पैसे थेट खात्यात येणार, आधार कुठं जोडलं ते आधी तपासा, हे वेळेवर कोणी सांगितलं असतं तर आजींचे सात महिने वाचले असते. नवं काही बदललं की सांगायलाच पाहिजे. पण मग सांगणाराच पुढे सोबतही चालला पाहिजे, त्याच्या ऑटोचे पैसे, त्याचा वेळ बजेटमध्ये दिसला पाहिजे. आम्ही बहुतेक जणी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आहोत. वस्तीतलं माणूस तिसऱ्या भेटीत बोलते आणि तोवर कार्यकर्ती बदललेली असते.

ती ओळ मी परत लिहिणार आहे, यावेळी प्रत्येक भेटीचा हिशोब जोडून. तोवर नागपुरात जे रिटायर झाले आहेत, बँकेत, तहसीलमध्ये, शाळेत नोकरी केलेली आहे, त्यांना विनंती आहे, महिन्यातून एक सकाळ द्या. भाषण नको, देणगी नको. एका आजीसोबत खिडकीपाशी उभं राहायचं आहे, तिच्याशी नीट बोलल्या जाते की नाही ते पाहायचं आहे. मेसेज करा, मी दिवस न जागा सांगते. येताना पाण्याची बाटली आणि वाचायचा चष्मा आणा, फॉर्मवरची अक्षरं लई बारीक असतात.