आवाज सुरू करायला डोळे लागतात!

गेममध्ये अंधांसाठी सोय दिलीय म्हणे. कुठे? सेटिंग्ज, तिसरा टॅब, अगदी तळाशी ‘मेनू वाचून दाखवा’. आणि तिथवरचा एकही मेनू बोलत नाही! अहो, ज्याला दिसत नाही त्याने तिथे पोचायचं कसं? शेजारच्या पोराला हाक मारून?

युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नुसतं चित्र म्हणून काढलेलं बटन एनव्हीडीएला, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, कळतच नाही. त्याच्या लेखी अख्खी विंडो कोरी. म्हणून पहिल्या स्क्रीनपासूनच आवाज चालू ठेवा, ज्याला नको तो बंद करेल. बरं, बोलायला लागलं तरी सुख नाही. बाण दाबून पुढे गेलं की आधीचं वाक्य तिथेच तुटायला हवं. इथे पाचदा दाबला की पाचही वाक्यं रांगेने ऐका!

शत्रू डावीकडे की उजवीकडे, ते स्टिरिओत कळतं. पुढे की मागे? दोन्ही सारखंच. मागच्या आवाजाला लो-पास फिल्टर (उंच, तीक्ष्ण सूर गाळणारा) लावून तो दबका करा, निदान फरक तरी कळेल. पण नाही, वर पार्श्वसंगीत दणदणीत, आणि त्याला वेगळा व्हॉल्यूमही नाही.

अंधांसाठी गेम बनवणाऱ्या काहींचा तोडगा तर भन्नाटच: स्क्रीनच काळी! सोबत खेळणाऱ्या डोळस भावाने काय भिंतीकडे बघत बसायचं?