नळीची लांबी आणि नेम

रायफलची नळी जितकी लांब तितका नेम अचूक, हे एका लेखातील विधान मला अपुरे वाटते. लांब नळीत दारूच्या वायूंचा दाब गोळीला अधिक काळ ढकलतो, म्हणून वेग वाढतो. परंतु गोळ्या एकाच ठिकाणी लागणे हे नळीतील आट्यांची (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या नागमोडी चरांची) सफाई, तोंडाची निर्दोष कड आणि नळीचा ताठपणा यांवर अवलंबून असते, आणि तेवढ्याच जाडीची आखूड नळी उलट कमी थरथरते. नवखे नेमबाज नेमके हेच विसरतात, याचे मला वाईट वाटते. लांबीचा खरा लाभ दुर्बिणीशिवाय नेम धरताना होतो: पुढची माशी (नळीच्या तोंडाजवळचा नेमाचा उंचवटा) आणि मागची खाच (जिच्यातून माशी पाहतात) यांत ५० सेंटिमीटर अंतर असेल, तर त्यांच्या जुळणीतील १ मिलिमीटरची चूक ५० मीटरवर १० सेंटिमीटर होते, अंतर ७५ सेंटिमीटर असल्यास ती सुमारे ६.७ सेंटिमीटरच राहते. दुर्बीण बसवली की हा लाभ उरत नाही.