वहिनी, तुम्ही इथे कशा काय?

आज सकाळी फोन हातात घेतला तर बिल्डिंगच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज. "काल मध्यरात्री गच्चीवरून उल्कावर्षाव पाहण्याचा योग आला. एकूण ११ उल्का मोजल्या. शब्दातीत अनुभव. प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी घ्यावा." खाली टाळ्या, नमस्कार, "काका यू आर ग्रेट", "या वयातही केवढा उत्साह" वगैरे वगैरे. आणि ज्या बाईच्या जिवावर हा योग आला ती मी, बंद नाक आणि आखडलेली मान घेऊन हे सगळं वाचत होते. माझ्या नावावर जमा उल्का किती, तर एक. तीही वादग्रस्त.

झालं काय, की माझी एक यादी आहे. बकेट लिस्ट हल्ली सगळ्यांचीच असते, पण लोकांच्या यादीत विमानातून उडी मारणे, नॉर्दर्न लाइट्स बघणे असले खर्चिक प्रकार असतात. माझ्या यादीत दोन बोटं तोंडात घालून कडक शिट्टी वाजवणे, हात सोडून सायकल चालवणे, बसमध्ये बसून शेवटचा स्टॉप येईपर्यंत न उतरणे, पाण्यावर उताणं पडून तरंगणे असली फुटकळ कामं आहेत. शिट्टी जमली (घरात कोणी वाजवू देत नाही ही गोष्ट वेगळी). सायकल अर्धी जमली, म्हणजे एक हात सुटतो.

ह्यावर हसू नका. जॉन गोडार्ड नावाच्या अमेरिकन माणसाने वयाच्या १५व्या वर्षी, १९४० साली, १२७ गोष्टींची यादी केली होती. त्यात नाईल नदी पालथी घालणं होतं, विषारी सापाचं विष काढणं होतं, चंद्रावर जाणं होतं आणि त्याच यादीत मिनिटाला ५० शब्द टाइप करणंही होतं. म्हणजे फुटकळ कामं मोठ्या लोकांच्या यादीतही असतात. चंद्र राहिला त्याचा, पण नाईल त्याने १९५०-५१ मध्ये दोन साथीदारांबरोबर कयाकमधून पार केली, आणि एकूण शंभरावर गोष्टींवर टिक मारली. मला त्याच्या धाडसाचा हेवा नाही वाटत. मला हेवा ह्याचा वाटतो की नाईलच्या काठावर त्याच्या तोंडावर टॉर्च मारून "तुम्ही इथे कसे काय?" असं कोणी विचारलं नसणार.

तर उल्का. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री जेमिनिड्स नावाचा उल्कावर्षाव होतो. मिथुन राशीत, पुनर्वसूच्या आसपास कुठूनतरी सगळ्या रेघा फुटल्यासारख्या दिसतात. आकाश चांगलं काळंकुट्ट असेल तर तासाला शंभरावरही दिसू शकतात. दुर्बीण लागत नाही, तिकीट लागत नाही, फक्त आडवं पडायचं आणि वर बघायचं. आडवं पडणे हे माझं बलस्थान असल्यामुळे ही टिक मी मनातल्या मनात मारूनच ठेवली होती.

अट एकच. अंधाराला डोळे सरावायला हवेत आणि त्याला २० ते ३० मिनिटं लागतात. आपल्या डोळ्यात रोडोप्सिन नावाचं एक द्रव्य असतं, ते अंधारात सावकाश साठत जातं आणि झगझगीत उजेड पडला की खलास, परत पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मी मोबाइलसुद्धा घरी ठेवून गेले. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण ह्या वीस मिनिटांवरूनच आहे.

रात्री एकच्या सुमाराला नवऱ्याला "वर जातेय" म्हणून सांगितलं, तो "हं" म्हणाला, झोपेतला हं होता पण हं तो हं, आणि चटई, ब्लँकेट, कानटोपी घेऊन मी गच्चीवर गेले. टाकीच्या आडोशाला चटई टाकली, कारण तिथे समोरच्या बिल्डिंगचा दिवा येत नाही. मृग जरा पश्चिमेला कललेला, त्याच्यामागे व्याध चकाकतोय, आणि बघता बघता मघाशी जिथे काहीच नव्हतं तिथे बारीक बारीक तारे उगवायला लागले. म्हणजे डोळे तयार होत होते. आता पुढची उल्का माझी, असं मी स्वतःशी म्हणतेय तोच जिन्याचं दार धाडकन उघडलं आणि थेट तोंडावर टॉर्च.

"कोण आहे? कोण आहे तिकडे?"

"मी आहे काका."

"मी म्हणजे कोण?"

नाव सांगितलं, मजला सांगितला.

"वहिनी? तुम्ही इथे कशा काय?"

टॉर्च काही हटेना. आधी माझ्यावर, मग चटईवर, मग हळूच गच्चीच्या कठड्यावर, आणि परत माझ्यावर. कठड्यापर्यंत जाऊन आलेल्या त्या उजेडात काकांच्या डोक्यात काय चाललंय ते मला लख्ख दिसलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?" आवाज एकदम मऊ.

"हो, ठीक आहे."

"नाही, असतं वहिनी. प्रत्येकाच्या घरात असतं. आमच्याकडे नव्हतं का? पण रात्रीचं जे वाटतं ना, ते सकाळी तेवढं वाटत नाही."

"काका, मी उल्का बघायला आलेय."

"कोण अलका?"

"अलका नाही, उल्का. तारे पडतात ते."

"बरोबर, बरोबर," काका म्हणाले. तापात बडबडणाऱ्या माणसाला म्हणतात ना, अगदी त्या सुरात. "बघा की. अवश्य बघा. फक्त कठड्यापासून जरा लांब बसून बघा. आणि मिस्टरांना माहितीये का?"

"माहितीये. झोपलेत."

इथे काकांनी खिशातून फोन काढला. माझ्यासमोर. आणि रात्री दीड वाजता माझ्या नवऱ्याला फोन लावला. "हॅलो, घाबरू नका. वहिनी सापडल्यात."

मी सापडले! हरवले कधी होते?

नवरा आला. पांघरूण अंगावर तसंच, डोळे अर्धे मिटलेले. "काय झालं?" म्हणाला, वर बघून जांभई दिली, आणि त्या जांभईतच म्हणाला, "अरे वा, केवढी मोठी!" काकाही वर बघत होते, तेही ओरडले, "बाप रे, हिरवट होती हो!" आणि मी? मी त्या वेळी खाली वाकून टॉर्चच्या गडबडीत कुठेतरी पडलेली कानटोपी शोधत होते. नवरा म्हणाला, "झालं ना बघून? चल." मी म्हटलं मी नाही बघितली. तो म्हणाला, बरं, मग बघ, आणि जाऊन झोपला. जिन्यापासून चार पावलं चालून त्याची टिक झाली, त्याची यादी नसतानाही.

मला वाटलं आता काकाही जातील. काका गेले आणि घरातून खुर्ची घेऊन आले. त्यांना चटक लागली होती. आणि ते मोजायला लागले, मोठ्याने. "दोन!" मी वळून बघेपर्यंत संपलेली. उल्का असते किती, वाळूच्या कणाएवढी किंवा जरा मोठी, येते सेकंदाला साधारण ३५ किलोमीटरच्या वेगाने, एका सेकंदाच्या आत खेळ आटपतो. काका "ती बघा" म्हणेपर्यंत ती इतिहासजमा. त्यात ती कुठून गेली हे दाखवायला काका काय करायचे, तर टॉर्च लावून आकाशात मारायचे. "इथून, इथून अशी तिकडे गेली!" शंभर-एक किलोमीटर वर जळून गेलेली वस्तू हा माणूस मला टॉर्चने दाखवतोय! आणि त्या उजेडाने माझी वीस मिनिटं परत शून्यावर.

मी त्यांना डोळ्यांचं ते सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि मग, "पण मला तर दिसतायत," म्हणाले. ह्यावर काय बोलणार? ज्या मोठ्या, झगझगीत असतात त्या टॉर्चवाल्यालाही दिसतात, बारीक बारीक ज्या असतात त्यांच्यासाठी माझ्यासारख्या अभ्यासू लोकांनी तपश्चर्या करायची असते.

मग काकांना कुतूहल. "ही धूमकेतूची शेपटी ना?"

"नाही काका, बाकी बरेचसे उल्कावर्षाव धूमकेतूंमुळे होतात, पण ह्याचा मालक फेथॉन नावाचा लघुग्रह आहे. १९८३ मध्ये सापडला. बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जाऊन येतो. त्याने वाटेत टाकलेला कचरा आहे हा, आपण दरवर्षी त्या कचऱ्यातून जातो."

"कचऱ्यावरून आठवलं," काका म्हणाले, "तुमच्या मजल्यावरची बादली जिन्यात कोण ठेवतं?"

पुढची काही मिनिटं कचऱ्याच्या बादलीवर गेली. कोण ठेवतं, कधीपासून ठेवतं, त्याबद्दल ग्रुपवर कोणी काय लिहिलं होतं आणि कोणी ते वाचूनही उत्तर दिलं नव्हतं. मी शिष्टाचार म्हणून त्यांच्याकडे तोंड करून उत्तरं देत होते, आणि काका माझ्याशी बोलता बोलता माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत "सहा... हां, तर बादली... सात!" असं चालू.

माझी जी एक दिसली ती डाव्या डोळ्याच्या पार कोपऱ्यात दिसली, एक बारीक रेघ, पांढरी. अंधुक उजेडात डोळ्याच्या मधोमध दिसण्यापेक्षा कडेला जास्त दिसतं, त्यामुळे ती खरीच असणार, मला खात्री आहे. मी ओरडले, "दिसली! काका, दिसली का?"

"नाही बुवा. विमान असेल. नाहीतर मनाचेही खेळ असतात वहिनी."

ज्यांनी टॉर्चच्या उजेडात बघितलेल्या दोन-तीन तर नक्की विमानंच होती ते हे मला सांगतात.

आता ह्यात हसण्यासारखं आहे हे मलाही कळतंय, मीच हसत हसत लिहितेय. पण खरं सांगू, राग अजून गेलेला नाही. माझा नवरा झोप येत नाही म्हणून रात्री-अपरात्री त्याच गच्चीवर फेऱ्या मारतो, आजवर मला एकही फोन आलेला नाही की अहो, तुमचे मिस्टर सापडलेत. त्याला बघून कोणाची नजर कठड्याकडे जात नाही. बसच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले तेव्हा कंडक्टर तीनतीनदा विचारत होता, मॅडम, चुकलात का? पाण्यावर तरंगायला शिकायला गेले तर तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला की डॉक्टरांनी सांगितलंय का. डॉक्टरांनी सांगितलेलं चालतं. मुलांसाठी केलेलं चालतं. काल मी "मुलाच्या शाळेचा प्रोजेक्ट आहे" एवढं जरी म्हटलं असतं ना, तर काकांनी टॉर्च आपणहून बंद केला असता आणि वर "आई असावी तर अशी" म्हणून गेले असते. नुसतं मला बघायचंय म्हणून बघतेय, हे कारण कुठल्याच रकान्यात बसत नाही.

शिवाय आकाशाची बोंब वेगळीच. २०१६ मध्ये जगभरातल्या रात्रीच्या उजेडाचा एक नकाशा प्रसिद्ध झाला, त्यानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसतच नाही. आधीच समोरच्या बिल्डिंगने रात्रभर पांढरेफटक एलईडी लावून ठेवलेत, कशासाठी तर त्यांची पार्किंगमधली रिकामी जागा नीट दिसावी म्हणून. ह्या सगळ्यातून टाकीमागे हातभर काळोख मी शोधून काढला होता, त्यात काका.

टिक मारायची की नाही ह्यावर सकाळी घरात चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, एक दिसली म्हणजे दिसली, मार. मी पेन्सिलने मारलीय. पेनाने नंतर बघू.

आत्ता संध्याकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. गळ्यात मफलर, चेहऱ्यावर तेज. "पुढचा कधी असतो?" मी म्हटलं ३-४ जानेवारीला क्वाड्रँटिड्स. म्हणाले, लिहून पाठवा, ग्रुपवर टाकतो, सगळे मिळून बघू, हॅलोजन लावून बसायची सोय करू. मी काही बोलले नाही.

"आणि तुमची मोठी यादी आहे म्हणे, मिस्टर सांगत होते. पुढे काय आहे त्यात?"

मी एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "एक दिवस, एकटीने, कोणालाही न सांगता ट्रेनमध्ये बसायचं आणि कुठल्यातरी अनोळखी स्टेशनवर उतरायचं."

काका विचारात पडले. मजला आला, दार उघडलं, मी बाहेर पडले तरी ते लिफ्टचं दार हाताने धरून उभे.

"एकट्या कशाला वहिनी, मी मोकळाच असतो. सकाळची गाडी बघू की दुपारची?"