संत्र्याच्या शहरात ओट्सवर डबाबंद चेरी

आज सकाळी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका नव्या कॅफेत मैत्रिणीच्या आग्रहाखातर ओट्सचा बाउल मागवला आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. कोमट दुधात फुगून लगदा झालेले ओट्स, त्यांवर बर्फातून नुकत्याच काढलेल्या आणि जांभळे पाणी सोडणाऱ्या मोजक्या ब्लूबेरी, मधोमध साखरेच्या पाकात मुरलेली डबाबंद लाल चेरी आणि वरून मेपलचा नुसता वास असलेल्या सिरपची नक्षी, असा एकूण थाट होता. वाढणाऱ्या मुलाला मी विचारले, "बाळा, यावर संत्र्याच्या दोन-चार फोडी घालून मिळतील का?" त्याने अदबीने सांगितले, "मॅडम, आपल्याकडे संत्रा नाही ठेवत." तो हे सांगत होता तेव्हा काचेच्या दाराबाहेर संत्र्यांनी भरलेला ठेला उभा होता आणि आंबिया बहाराचा तो ढीग मला खुर्चीत बसल्या जागेवरून स्पष्ट दिसत होता.

त्या मुलावर माझा राग नाही, तो बिचारा नोकरी करतो. राग आहे तो असला मेन्यू ठरवणाऱ्याचा. ज्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जे हिवाळ्याच्या तोंडाशी आंबियाचे आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मृगाचे असे वर्षातून दोनदा आपल्या दाराशी येते, त्या संत्र्याच्या शहरात ओट्सवर काय घालायचे हे परदेशी छायाचित्रे पाहून ठरवले जावे, याला काय म्हणावे? ब्लूबेरी हे गुणी फळ आहे, हे मान्य. ज्याला परवडते त्याने ती खुशाल खावी. पण गोकुळपेठेच्या बाजारात डाळिंब, पेरू, बोरे, सीताफळ असा मोसम चालू असताना बर्फातल्या फळासाठी चौपट पैसे मोजायचे आणि त्याला आरोग्य म्हणायचे, हे माझ्या गळी उतरत नाही.

ओट्स आमच्या घरात आले ते माझ्या सासऱ्यांच्या दुखण्यातून. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, सकाळी तर्रीपोह्यांशिवाय दिवस सुरू न करणारे गृहस्थ. हृदयाच्या दुखण्यानंतर एका रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी छापील तक्ता हाती दिला. त्यात न्याहारीच्या रकान्यात एवढेच लिहिले होते: ओट्स, साय काढलेले दूध, साखर वर्ज्य. रोज तेच, सातही दिवस. पहिल्या सकाळी बाबांनी चमचाभर तोंडात घेतले, वाटी दूर सारली आणि म्हणाले, "सूनबाई, यात मीठ नाही, तिखट नाही, दाताला लागेल असं काही नाही. हे मी काऊन खाऊ?"

त्या प्रश्नाला तक्त्यात उत्तर नव्हते. ओट्स का खायचे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांत बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, तो आतड्यात चिकट जेलीसारखा होऊन पित्तरसातली आम्ले बांधून घेतो, ती पुन्हा तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडे उतरते. दिवसाला असा ३ ग्रॅम तंतू पोटात जावा, या हिशेबावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटांवर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली. त्यासाठी कोरडे ओट्स साधारण ७० ते ८० ग्रॅम लागतात, म्हणजे चांगली मोठी वाटी, आणि तीही रोज. आता मला सांगा, बेचव लगद्याची एवढी मोठी वाटी कोण रोज खाईल? चवीचा विचार न करता पथ्य लिहून देणे म्हणजे पथ्य मोडायला लावणेच आहे. बाबांनी चौथ्या-पाचव्या दिवशी गुपचूप कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन आलूबोंडा खाल्ला, त्यात मला त्यांचा दोष कधी वाटला नाही.

बाबांच्या तक्रारीत तीन गोष्टी होत्या: मीठ, तिखट आणि दाताला लागणारे काहीतरी. ओट्सवर काय घालावे याचे इतके नेमके शास्त्र मी नंतर कुठल्याही चकचकीत चित्रफितीत पाहिले नाही. ओट्स शिजले की मऊ आणि गुळगुळीत होतात आणि त्यांना स्वतःची चव फारशी नसते. म्हणून वर काहीतरी कुरकुरीत हवे, काहीतरी आंबट हवे, थोडा स्निग्धांश हवा आणि मीठ तर हवेच, गोड ओट्समध्येही चिमूटभर. केवळ गोडावर गोड चढवत गेले की पाचव्या घासाला जीभ कंटाळते.

आमच्याकडे पहिला मान जवसाचा. जवस हे आपल्या विदर्भाचे धान्याच्या डब्यातले माणूस आहे. जवसाची चटणी नसलेले घर मी तरी लहानपणी पाहिले नाही. तरीही हल्ली लोक चियाचे पाकीट आणतात आणि ओमेगा-३ या स्निग्धाम्लाचे कौतुक सांगतात. चिया वाईट नाही, आता ती आपल्या देशातही पिकते, ठीक आहे. पण जवसाच्या तेलाचा सुमारे निम्मा भाग त्याच जातीच्या ओमेगा-३ चा असतो आणि इतवारीच्या किराणा ओळीत जवस चियाच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळते. अट एकच: अख्खे दाणे वर भुरभुरून उपयोग नाही, कारण त्यांचे टरफल टणक असते आणि न चावलेला दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो. मंद आचेवर दाणे तडतडू लागेपर्यंत भाजावेत, गार होऊ द्यावेत आणि मग जाडसर कुटावेत. कुटलेले जवस लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. बाबांच्या वाटीत मी याच जवसाची चटणी घातली, लसूण आणि लाल तिखट घालून कुटलेली, मीठ मात्र डॉक्टरांच्या धाकाने बेताचे. ओट्स पाण्यात शिजवले होते, त्यांवर चमचाभर तेलात मोहरी, जिरे, कढीपत्ता आणि मूठभर फल्लीदाण्यांची, म्हणजे शेंगदाण्यांची, फोडणी, वर कच्चा कांदा, बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबू. बाबांनी वाटी पुसून खाल्ली. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

इथे कोणीतरी नाक मुरडणार हे मला ठाऊक आहे. ओट्सना फोडणी देणे म्हणजे ओट्सचा उपमा करणे, मग ओट्स कशाला, सरळ उपमाच खावा, असे मला याआधीही ऐकवले गेले आहे. ज्यांना ओट्स म्हणजे दूध, मध आणि केळे एवढेच ठाऊक आहे, त्यांनी जरा स्कॉटलंडकडे पाहावे. तिथे ओट्स हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे आणि तिथली जुनी रीत पाणी आणि मीठ एवढ्यावर चालते. कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून ओट्सची पेज शिजवण्याची जागतिक स्पर्धा भरते. तिच्या मुख्य गटात ओट्स, पाणी आणि मीठ यांखेरीज काहीही चालत नाही, आणि वेगवेगळे जिन्नस घालणाऱ्यांसाठी निराळा गट ठेवलेला आहे. दूध-फळांची जी रीत आपण आधुनिक समजतो, ती १९०० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या बिर्शर-बेनर या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांसाठी बसवली, आणि तीही भिजवलेल्या थोड्याशा ओट्सवर भरपूर किसलेले सफरचंद, लिंबाचा रस आणि बदाम-अक्रोडांचा चुरा अशी. त्यांनी आपल्या डोंगराकडचे सफरचंद घातले. आपण आपले संत्रे का घालू नये?

संत्रे घालण्याची मात्र एक रीत आहे आणि ती न पाळल्यामुळे लोक उगाच संत्र्याला नावे ठेवतात. गरम दुधातल्या ओट्सवर संत्र्याचा रस पिळला की दूध फाटते, कारण आम्लामुळे दुधातली प्रथिने गोळा होतात आणि आच त्याला हातभार लावते. म्हणून एक तर ओट्स पाण्यात शिजवावेत, नाहीतर दुधातले ओट्स चांगले निवू द्यावेत आणि मग फोडी घालाव्यात. फोडीची पांढरी सालपटे आणि बी काढून आतला नुसता गर मोकळा करावा. हे काम किचकट आहे, पण वाटीत तो गर दाताखाली फुटतो तेव्हा त्याचे सार्थक होते. साल फेकू नये. तिचा फक्त वरचा केशरी भाग चिमूटभर किसून शिजत्या ओट्समध्ये टाकला तर दूध फाटत नाही आणि सुगंध मात्र घरभर होतो. आतला पांढरा भाग किसणीत आला की वाटी कडू होते. यावर भाजलेली चारोळी घालावी. आपल्याच गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातली ही चारोळी आपण श्रीखंडापुरती डब्यात जपून ठेवतो आणि ओट्ससाठी कॅलिफोर्नियाचे बदाम शोधत फिरतो.

सीताफळ उलट दुधाला मानवते, पण ते आचेवर चढवू नये, कडसर होते. गर वरून घालावा. गूळ वापरायचा तर भांडे उतरवल्यावर घालावा, उकळत्या दुधात गूळ पडला तर तेही अनेकदा नासते. पिकून काळे ठिपके पडलेले केळे शिजतानाच कुस्करून टाकले तर साखरेची गरज उरत नाही. मधुमेह असलेल्यांनी केळे आणि खजूर दोन्ही बेताने घ्यावे, एवढे सांगितले म्हणजे झाले. कारळाची चटणी, भाजलेले तीळ, फुटाणे, भोपळ्याच्या बिया, ओल्या खोबऱ्याचा कीस, यांपैकी जे हाताशी असेल ते चालते.

आता पुन्हा राग येतो तो त्या रंगीत पाकिटांचा. फळांच्या स्वादाची आणि मसाल्याच्या स्वादाची म्हणून जी पाकिटे दुकानात ओळीने लावलेली असतात, त्यांच्या मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. गोड पाकिटात साखर आणि मसाल्याच्या पाकिटात मीठ ठासून भरलेले आढळेल, आणि पुढच्या बाजूला मात्र हृदयाचे लाल चित्र. त्यांतले ओट्सही बहुधा पातळ लाटून आधीच शिजवलेले असतात. ते पटकन शिजतात तसे पटकन पचतात आणि रक्तातली साखर जाड पोह्यांसारखे लाटलेल्या किंवा नुसते तुकडे केलेल्या ओट्सपेक्षा वेगाने चढवतात. वसतिगृहात राहणाऱ्या, फक्त पाणी उकळण्याची किटली असलेल्या मुलांसाठी ती सोयीची आहेत, त्यांना मी काही म्हणणार नाही. पण गॅस, कढई आणि फोडणीचा डबा असलेल्या घरांनी ती आणावीत, आणि वर "मुलांना हेच आवडते" असे सांगावे? मुलांना आपण जे पुढे ठेवतो ते आवडते. बाबांच्या वाटीतले फल्लीदाणे वेचून खायला माझी लहान लेक त्यांच्या शेजारी येऊन बसायची, आणि पुढे पुढे तिलाच वेगळी वाटी द्यावी लागली.

बाबा पुढे बरीच वर्षे ओट्स खात राहिले, पण एकसारखे कधीच नाहीत. सोमवारी फोडणीचे, मंगळवारी संत्र्याचे, आणि उपासाच्या दिवशी तेवढे ते ओट्सना शिवत नसत. ते उपासाला चालत नाहीत असा त्यांचा ठाम निकाल होता. एकदा त्यांनी वर सावजी रश्शाचा एक चमचा मागितला. तो मी दिला नाही. आज वाटते, एका चमच्याने फार काही बिघडले नसते, पण त्यांच्या डोळ्यांतला मिस्कील भाव पाहून मला खात्री होती की दुसऱ्या दिवशी दोन चमचे मागितले असते.

एक मात्र सांगते, पाण्याचे प्रमाण चुकले तर वरचे कुठलेही जिन्नस वाटी वाचवू शकत नाहीत. ओट्स आधी अर्धा चमचा तुपावर खमंग वास येईपर्यंत परतावेत, मग एका वाटीला दोन वाट्यांहून थोडे कमी पाणी घालावे आणि सारखे ढवळू नये, म्हणजे चिकटपणा कमी होतो. दाताला लागणारे जिन्नस अगदी वाढताना घालावेत. आधी घातलेले दाणे मऊ पडतात आणि मग बाबांची तक्रार जागच्या जागी परत येते.

उन्हाळ्यात, पारा ४५ च्या पुढे गेला की आमच्याकडे गरम ओट्स बंद होतात. तेव्हा रात्री ओट्स पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवते, बाहेर ठेवले तर आपल्या मे महिन्यात सकाळपर्यंत आंबून जातात, आणि सकाळी त्यांत घट्ट दही, किसलेली कैरी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव आणि भरपूर चिरलेला कांदा घालते. वरून सुक्या मिरचीची फोडणी आणि ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे लोणच्याचा खार. यावर कोणी मेपल सिरप मागितले, तर त्याला मी त्या धरमपेठेतल्या कॅफेचा पत्ता देईन.