ओके म्हणा अन् मोकळे व्हा

तुम्ही अजून कोणी काही विचारलं की 'हाव' नाहीतर 'नाई' असं सरळ सांगता का? मग भाऊ, नागपुरात राहून फुकट दमून राहिले तुम्ही. हाव म्हटलं की जावं लागते, नाई म्हटलं की मामा दोन वर्षं बोलत नाही. ओके म्हणा ना. मामानं फोन केला, 'रविवारी पोरीकडचे येऊन राहिले, तू येशील ना बे?' ओके मामा. ऐकू आलं एवढंच सांगितलं तुम्ही, येतो असं कुठं म्हटलं?

तसा शब्द खानदानी आहे. 23 मार्च 1839 ला बॉस्टनच्या एका पेपरात छापून आला, तेव्हा तिकडच्या पेपरवाल्यांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची हौस होती, तर ऑल करेक्टचं केलं ओल कोरेक्ट अन् त्याचं ओके. म्हणजे सगळं बरोबर आहे सांगणारी दोन अक्षरं, अन् दोन्ही चूक! पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष व्हॅन ब्युरेन परत निवडणुकीला उभे, गाव किंडरहुक, म्हणून ते ओल्ड किंडरहुक, म्हणजे परत ओकेच. समर्थकांनी ओके क्लब काढले, खूप ओके ओके झालं, अन् साहेब पडले. बघा, मतदार तेव्हापासून शिकून बसले आहेत.

उच्चार मात्र नीट करा. 'ओक्के' म्हणजे काम खरंच झालं, हा जपून वापरा. 'ओके ओके' म्हणजे फोन ठेवा आता. बायकोनं भाजी कशी झाली विचारलं तर 'ओके आहे' चुकूनही म्हणू नका, तिथं हा शब्द चालत नाही, मी चालवून पाहिला आहे. ट्रकमागच्या हॉर्न ओके प्लीजवर राज्य सरकारनं 2015 मध्ये बंदी आणली, लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. ट्रकवाले ओके म्हणाले असतील, कारण वाडीच्या रस्त्यावर मला ते अजून दिसते.

माझे गुरू आमचे कूलरवाले भाऊ. एप्रिलमध्ये मेसेज टाकला, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आहेत. ओके. मेमध्ये पारा 45 वर, जुन्या ताटीतून पाण्यापेक्षा कचराच जास्त पडून राहिला, मी विचारलं आज येता का उद्या? ओके. मग चिडून लिहिलं, भाऊ येणार आहे का नाई ते एकदाचं सांगा. तर 'ओके ना भाऊ', वर हात जोडलेले.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी भाऊ दारात, खांद्यावर नव्याकोऱ्या ताट्या, वाळ्याचा मस्त वास सुटलेला. 'लावून देऊ का दादा?'

मी म्हटलं ओके, अन् दार लावून घेतलं.