विंडोज ११ घेताना फोटो उडतात? खुलासा

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘विंडोज १० बंद. ११ हवं तर फॉरमॅट मारावाच लागतो, सगळे फोटो जातात.’ चूक. १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे अपडेट, संपला; मशीन बंद पडत नाही.

विंडोज अपडेटमधून अपग्रेड केलं, तर फाइली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. परवा शेजारच्या काकूंचा डेस्कटॉप मीच केला. नातवाच्या मुंजीचे फोटो तिथेच, वर सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज.ओल्ड’ नावाचं फोल्डर आलं. त्यात जुनं विंडोज असतं, त्याच्या जोरावर १० दिवसांत परत विंडोज १० वर जाता येतं.

डेटा जातो तो पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून (बूट) डिस्कचा तो भाग (पार्टिशन) फॉरमॅट केल्यावर, म्हणजे पुसून कोरा केल्यावर. दुकानात देताना नेमकं काय करणार, ते विचारा. बॅकअप मात्र घ्याच. लाइटचा काय भरवसा!